दोन एकर विकून दुकान टाकावे का?

वाचकाचा प्रश्न, थोडक्यात : पत्रलेखक ३१ वर्षांचे, बी.ए. झालेले, यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यातले आहेत. वडिलांच्या नावावर सहा एकर कोरडवाहू जमीन आहे. कापूस, सोयाबीन आणि तूर ही पिके घेतली जातात. विहीर आहे, पण ती फेब्रुवारीत तळ गाठते. गेल्या वर्षी सगळा खर्च वजा जाता घरात ९५,००० रुपये उरले. तीच जमीन ठेक्याने दिली तर गावात एकरी १२,००० रुपये मिळतात. "गावात राबणारा सोडून सगळेच कमावतात," असे ते लिहितात, आणि कृषी केंद्रवाला, ट्रॅक्टरवाला, खेडा खरेदी करणारा व्यापारी व जिनिंगवाला ही उदाहरणे देतात. रस्त्यालगतच्या दोन एकरांना १८ लाखांचे गिऱ्हाईक आले आहे. ती विकून कृषी पदवीधर मित्राच्या भागीदारीत कृषी सेवा केंद्र, म्हणजे बियाणे-खते-औषधांचे दुकान, काढावे, की ट्रॅक्टर घेऊन भाड्याने चालवावा, असा त्यांच्यापुढे पेच आहे. वडिलांचा साफ विरोध आहे, "वावर इकलं त मंग काय रायते आपल्यापाशी?" हे त्यांचे शब्द. पत्नीने एकदा लहान दालमिलची गोष्ट काढली होती. एक नातेवाईक 'घरबसल्या कमाई'च्या योजनेत पैसे भरण्याचा आग्रह करतो आहे. शेवटी त्यांनी विचारले आहे, "पैसा नेमका आहे कुठे?"

सप्रेम नमस्कार.

तुमचे चार पानांचे पत्र मी दोनदा वाचले. "राबणारा सोडून सगळेच कमावतात" या वाक्यापाशी दोन्ही वेळा थांबले, कारण ते निम्मे खरे आहे आणि उरलेल्या निम्म्यामुळे तुम्ही १८ लाखांची चूक करण्याची शक्यता आहे. तुमचे वडील 'उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी' या जुन्या म्हणीवर ठाम आहेत आणि तुम्ही ती म्हण उलटी करून टाकली आहे. पण उलटी केली तरी ती उतरंडच राहते. कोणाला पैसा कशाबद्दल मिळतो, हे ती सुलटीही सांगत नाही आणि उलटीही सांगत नाही. म्हणून तुमच्या पर्यायांकडे वळण्याआधी तुमच्याच गावातल्या या माणसांची कमाई जरा सोलून पाहू.

कापूस वेचणाऱ्या बाईपासून सुरुवात करते. तिला किलोमागे मजुरी मिळते. संध्याकाळी काट्यावर गाठोडे लागते, आकडा वहीत पडतो आणि पैसे त्या दिवशी किंवा बाजाराच्या दिवशी हातात येतात. तिची कमाई केवळ हातांची आहे, आणि बाजाराच्या दिवसापलीकडे थांबणे तिला परवडत नाही. आता ऑक्टोबरमध्ये सोयाबीनच्या गंजीपाशी रात्री धुरळा उडवत चालणारा हडंबा, म्हणजे मळणीयंत्र, घ्या. त्याच्या मालकाला पोत्यामागे पैसे मिळतात. तो अवजाराचे भाडे कमावतो, आणि अवजारासाठी त्याने पैसे आधी गुंतवलेले असतात. पाऊस येईल या धास्तीने तुम्ही त्याला रात्री दोन वाजता बोलावता, तेव्हा दर तो सांगतो. खेडा खरेदीवाला दारात वजन करून रोख मोजतो. बाजार समितीपर्यंतची तुमची गाडी, रांगेतली रात्र आणि चुकाऱ्याची वाट हे सगळे तो स्वतःवर घेतो आणि त्याची किंमत भावात कापून घेतो. मोर्शी-वरुडकडे संत्र्याची बाग झाडावरच विकली जाते. इसार देणारा व्यापारी फळाबरोबर गारपिटीची आणि गळतीची जोखीमही विकत घेत असतो, आणि म्हणूनच भाव पाडून मागतो.

जिनिंगवाल्याचे गणित तर उघडे आहे. साधारण पाच क्विंटल कापसातून १७० किलो रुईची एक गाठ निघते. सव्वातीनशे किलोच्या आसपास सरकी निघते आणि थोडी घट जाते. रुईला एक भाव, सरकीला दुसरा. सरकीचे पुन्हा तेल आणि ढेप. तो स्वतःच्या पैशाने कापूस घेतो तेव्हा भाव चढला की त्याचा फायदा आणि उतरला की त्याचाच तोटा. पण तोच जिनिंगवाला भारतीय कापूस महामंडळाने हमीभावाने खरेदी केलेल्या कापसाची ठरलेल्या दराने सरकी काढून, गाठी बांधून देतो, तेव्हा भावाशी त्याचा काही संबंध उरत नाही. त्याला केवळ कामाची मजुरी मिळते. इमारत तीच आणि यंत्रेही तीच, तरी कमाईचे मार्ग दोन. हा फरक लक्षात ठेवा, तो पुढे तुमच्या कामी येणार आहे.

मोठ्या कंपन्यांचेही तसेच असते. बीटी कापसाच्या पाकिटाच्या किमतीत बियाण्याखेरीज त्यातल्या तंत्रज्ञानाचे शुल्कही असे. २०१६ मध्ये केंद्र सरकारने दरावर नियंत्रण आणले तेव्हा ते पाकिटामागे ४९ रुपये ठरले, पुढे घटत गेले आणि २०२० मध्ये शून्यावर आले. ज्याने एकदा शोध लावला त्याला दर पेरणीला, प्रत्येक पाकिटामागे पैसे मिळत होते. आणि लांब कशाला, तुमच्या दारव्ह्यावरून जाणारी शकुंतला रेल्वे आठवा. कापूस वाहून नेण्यासाठी इंग्रजी अमदानीत खासगी कंपनीने ही अरुंद रुळांची वाट टाकली. देशातल्या रेल्वेचे राष्ट्रीयीकरण झाले तरी ती त्या कंपनीच्याच मालकीची राहिली, आणि सरकारी रेल्वे तिच्यावरून गाडी चालवून कंपनीला मोबदला देत राहिली. रूळ एकदा टाकले, त्यांचे भाडे पुढची कित्येक दशके येत राहिले. आता गाडी बंद आहे, पण गावातल्या कोणालाही विचारा, त्या गाडीने मालकाला काय दिले हे त्याला ठाऊक नसते. तिकीट किती स्वस्त होते तेवढेच आठवते.

हे सगळे एकत्र ठेवून पाहिले की माझ्या नजरेला एक गोष्ट ठळकपणे दिसते. घाम, अवजार, कसब, ओळख यांचे पैसे तर मिळतातच. पण आपल्या भागात सर्वांत जास्त पैसा थांबू शकणाऱ्याला मिळतो. जूनमध्ये पैसे घालून डिसेंबरपर्यंत ज्याला कळ काढता येते तो कमावतो, आणि ज्याला येत नाही तो त्या थांबण्याची किंमत मोजतो. कधी ती किंमत व्याज म्हणून मोजली जाते, कधी उधारीच्या वाढीव भावात, कधी दिवाळीच्या तोंडावर पडत्या भावाने विकलेल्या सोयाबीनमध्ये. आपल्या आजोबांच्या काळात धान्य सवाईने किंवा दिढीने मिळत असे. एक पोते घेतले की हंगामाला सव्वा किंवा दीड पोते परत. शब्द गेले, पण सवाई गेलेली नाही.

हे तुमच्या घरच्या हिशेबाला लावून पाहू. गेल्या वर्षी ९५,००० उरले, असे तुम्ही लिहिता. सहा एकर ठेक्याने दिले असते तर हात न लावता ७२,००० आले असते. म्हणजे तुम्ही, तुमचे वडील आणि (पत्रात उल्लेख नसला तरी) तुमच्या आई व पत्नी यांनी वर्षभर केलेल्या कामाचे आणि पावसाच्या सगळ्या जोखमीचे मिळून २३,००० रुपये पडले. हा आकडा वाचून तुम्हाला राग येईल आणि तो यावाही. पण तो पाहून 'शेतीत पैसा नाही' असा निष्कर्ष काढण्याआधी त्या ९५,००० च्या वर काय काय कापले गेले, ते तपासा. तुम्ही बियाणे, खत आणि फवारणीची औषधे दिवाळीच्या बोलीवर उधार आणता, असे पत्राच्या तिसऱ्या पानावर ओझरते लिहिले आहे. समजा, रोखीने हजार रुपयांची वस्तू उधारीवर ११२० ला लागते आणि पाच महिन्यांनी पैसे दिले जातात. पाच महिन्यांचे बारा टक्के म्हणजे वर्षाचे जवळजवळ २९ टक्के झाले. सावकार दरमहा शेकडा अडीच म्हणाला असता तर तुम्ही दचकला असता. दुकानदार 'वाढीव भाव' म्हणतो, म्हणून ते खपून जाते.

या ठिकाणी मला तुम्हाला एक साधा प्रश्न विचारायचा आहे. वडिलांच्या नावावर पीककर्ज आहे का, आणि नसेल तर का नाही? तीन लाखांपर्यंतचे पीककर्ज मुदतीत फेडले तर केंद्राची व्याजसवलत आणि राज्याची डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजना मिळून शेतकऱ्याला ते बिनव्याजी पडते. जुनी थकबाकी आडवी आली असेल, तर तसे सांगायला लाजू नका. पण मग पहिले काम ती निकाली काढण्याचे आहे, दुकान टाकण्याचे नव्हे. विकण्याच्या बाबतीतही तेच. राज्य कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण योजना १९९० पासून आहे. बाजार समितीच्या गोदामात सोयाबीन, तूर, हरभरा ठेवला तर मालाच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम सहा टक्के व्याजाने, सहा महिन्यांपर्यंत मिळते. क्विंटलला ४५०० चा भाव धरला तर २० क्विंटल सोयाबीनची किंमत ९०,००० होते; त्यावर ६७,५०० रुपये मिळतील आणि चार महिन्यांचे व्याज १३५० होईल. क्विंटलमागे सत्तर रुपयेसुद्धा नाही. भाव त्याहून अधिक चढला तर थांबणे फळले. उतरला तर नाही, तोही धोका आहेच. तुमच्या बाजार समितीत यंदा ही योजना राबवतात का, हे मात्र दसऱ्याआधी विचारून ठेवा, गोदाम भरल्यावर नव्हे.

आता दुकान. तुम्हाला कृषी केंद्राचा गल्ला दिसतो. त्यातला नफा किती, हे काउंटरच्या या बाजूने दिसत नाही. युरियाच्या ४५ किलोच्या गोणीची किंमत सरकारने २६६ रुपये ५० पैसे ठरवलेली आहे, कापसाच्या बीटी बियाण्याच्या पाकिटाची कमाल किंमतही सरकारच ठरवते. तेथे दुकानदाराला फारसा वाव नाही. त्याची कमाई औषधे, टॉनिके आणि विद्राव्य खते यांवरच्या सवलतीत असते आणि त्याहून अधिक उधारीत. म्हणजे कृषी केंद्र हा मालाच्या आडून चालणारा पतपुरवठ्याचा धंदा आहे. तुम्ही १८ लाख दुकानात घालणार म्हणजे, खरे पाहता, ते दीडशे शेतकऱ्यांना जूनमध्ये वाटून डिसेंबरची वाट पाहणार. त्यात सावकाराचे अधिकारही तुम्हाला नसतील. व्याजाने पैसे देण्याचा धंदा करायचा तर महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ खाली परवाना लागतो. उधारी देणाऱ्या दुकानदाराच्या हाती मात्र नुसती वही असते.

त्या वहीबद्दल थोडे सांगते. माझ्या मामांचे वर्धा जिल्ह्यातल्या एका मोठ्या गावात बियाण्या-खतांचे दुकान होते. ते गेल्यावर आम्ही भाचरांनी लाल कापडी पुठ्ठ्याच्या त्यांच्या वह्या उघडल्या. प्रत्येक नावापुढे माल, रक्कम आणि शेवटी त्यांच्या तिरप्या अक्षरात 'कापसावर' असे लिहिलेले होते, म्हणजे कापूस विकला की पैसे येणार. पान उलटले की पुढच्या वर्षीच्या खात्यात पहिली ओळ 'मागील बाकी', आणि तोच आकडा. काही नावांपुढे तो आकडा चार वर्षे जसाच्या तसा पुढे आलेला होता. त्या नावांत आमचे मावसकाका होते, शाळेतले मास्तर होते, आणि ज्यांच्या घरी मामा दर पोळ्याला जेवायला जात ते शेजारीही होते. कागदावर मामा लखपती होते. दुकान बंद पडले, कारण ज्या ठोक विक्रेत्याकडून माल येई त्याला तीस दिवसांत रोख हवी असे आणि तो कापसाची वाट पाहायला तयार नव्हता. तुम्ही तुमच्या गावातले चालणारे एक कृषी केंद्र मला दाखवता. त्या रस्त्यावर गेल्या दहा वर्षांत बंद पडलेली किती, तेही मोजून पाहा.

भागीदारीची एक बाजू तुमच्या लक्षात आलेली दिसत नाही. खत आणि कीटकनाशके यांच्या परवान्यासाठी ठरावीक शिक्षण लागते. ते तुमच्या मित्राकडे आहे, तुमच्याकडे नाही. म्हणजे परवाना त्याच्या पदवीवर आणि भांडवल तुमच्या जमिनीचे. उद्या त्याला कृषी खात्यात नोकरी लागली, तर त्याची पदवी त्याच्याबरोबर जाईल आणि तुमचे १८ लाख कपाटातल्या बाटल्यांत आणि लोकांच्या उधारीत राहतील. मित्र चांगला आहे, याबद्दल मला शंका नाही. तरीही नोंदणीकृत भागीदारीपत्राशिवाय आणि बाहेर पडण्याच्या अटी लिहिल्याशिवाय या वाटेला जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. खत-औषधांच्या व्यवसायाची खरोखरच ओढ असेल, तर आधी एक पूर्ण हंगाम एखाद्या चालत्या दुकानात पगारावर काम करा. मे ते डिसेंबर. मे महिन्यात दुकानदार राजा दिसेल. डिसेंबरमध्ये तो वसुलीला कसा फिरतो, ते पाहून मग ठरवा.

ट्रॅक्टरबद्दल थोडक्यात. समजा तासाला ७०० रुपये मिळाले आणि डिझेल, ड्रायव्हर, दुरुस्ती यांत निम्मे गेले, तर ३५० उरतात. वर्षाचा हप्ता दीड लाखाचा असेल, तर नुसत्या हप्त्यासाठी सुमारे ४३० तास काम हवे. दिवसाला सात तास धरले तर साठेक दिवस. कागदावर हे जमण्यासारखे वाटते. पण तुमच्याच पत्रानुसार गावात आधीच अकरा ट्रॅक्टर आहेत, आणि नांगरणी, रोटाव्हेटर, पेरणी ही कामे सगळ्यांना त्याच त्या आठवड्यांत हवी असतात. बारावा ट्रॅक्टर आला की दर पडतो, आणि उधारी तेथेही असतेच. गावात नसलेले एखादे अवजार, जे जोडून तुम्ही दुसऱ्याच्या ट्रॅक्टरवर चालवू शकाल, त्याचा विचार मी एक वेळ समजू शकते. अख्ख्या ट्रॅक्टरचा नाही.

'घरबसल्या कमाई'च्या योजनेला मी एकच परिच्छेद देते. तिथे पैसा वस्तू विकून येतो की नवी माणसे जोडून, एवढे तुमच्या नातेवाइकाला विचारा. पुढच्याने भरलेल्या पैशातून मागच्याला देणाऱ्या साखळीवर १९७८ पासून केंद्राच्या कायद्याने बंदी आहे. नाते टिकवायचे असेल तर 'सध्या हात मोकळा नाही' असे म्हणा आणि विषय बदला.

आणि आता ज्या गोष्टीला तुम्ही चार पानांत अर्धी ओळ दिली, तिच्याकडे वळते. तुमच्या पत्नीने दालमिल सुचवली, तेव्हा तिला बहुधा उन्हाळ्यातले अंगण दिसत असावे. आपल्याकडे घरची तूर घरी ठेवून, पाणी किंवा तेल लावून, उन्हात वाळवून तिची डाळ करण्याचे काम बायका पिढ्यान्‌पिढ्या करत आल्या आहेत. जात्याची जागा आता तालुक्याच्या मिलने घेतली आहे आणि पोते तेथवर नेण्या-आणण्यात एक दिवस जातो. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने गावपातळीवर चालेल अशी 'पीकेव्ही मिनी दालमिल' बरीच वर्षे आधी विकसित केली आहे. येथे जिनिंगवाल्याचे ते दोन मार्ग आठवा. स्वतः तूर विकत घेऊन डाळ विकायची, हा एक मार्ग. २०२५-२६ च्या हंगामाचा तुरीचा हमीभाव क्विंटलला ८००० रुपये होता. तोच भाव धरला आणि क्विंटलला ७२ किलो डाळ निघाली असे धरले, तर किलोभर डाळीत १११ रुपयांची तूर जाते. त्यावर वीज, मजुरी, पिशवी, वाहतूक. चुनी आणि टरफल ढोरांसाठी विकले जाईल, ते वजा करा. उरलेले पैसे डाळीच्या त्या दिवसाच्या भावावर लटकलेले असतात आणि तोवर तुमचे भांडवल पोत्यांत अडकलेले असते. पुन्हा तीच वाट पाहणे.

दुसरा मार्ग लोकांची तूर मजुरीने भरडून देण्याचा. तूर त्यांची, डाळ त्यांची, भावाची चिंता त्यांची. तुम्हाला किलोमागे ठरलेले पैसे, आणि तेही पोते उचलताना. समजा, तुमच्या आणि शेजारच्या गावांतून २५० घरांनी अर्धा-अर्धा क्विंटल आणला आणि किलोला पाच रुपये घेतले, तर सव्वाशे क्विंटलचे ६२,५०० रुपये होतात. त्यातून वीज, मदतनीस आणि झीज जाईल. आकडा डोळे दिपवणारा नाही, हे मला दिसते. पण गेल्या वर्षी तुमच्या सगळ्या घराच्या श्रमांचे २३,००० पडले होते, त्याशेजारी तो ठेवून पाहा. शिवाय हे काम शेतीच्या सैलाव्याच्या दिवसांत, फेब्रुवारी ते मे दरम्यान येते, त्यात उधारी कमी असते आणि त्यासाठी जमीन विकावी लागत नाही. पत्नी बचत गटात असेल तर गटामार्फत कर्जाची सोय पाहता येईल. सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योगांसाठीच्या केंद्राच्या योजनेत प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के, कमाल दहा लाखांपर्यंत, कर्जाशी जोडलेले अनुदान २०२० पासून दिले जाऊ लागले. यंदाची स्थिती तालुका कृषी कार्यालयात विचारावी. अनुदान मिळते म्हणून गरजेपेक्षा मोठे यंत्र मात्र घेऊ नका. हप्ता अनुदानावर नव्हे, उरलेल्या कर्जावर येतो. यंत्र घेण्याआधी दोघांनी मिळून एखाद्या चालत्या मिलवर आठ दिवस बसा. वीजजोडणी किती भाराची लागते, चाळण्या किती दिवसांत बदलाव्या लागतात, ओल राहिलेल्या तुरीची डाळ कशी फुटते, हे विक्रेत्याच्या रंगीत पत्रकात नसते.

राहिला जमिनीचा प्रश्न. तुम्हाला आवडो न आवडो, आकडा सांगते, कारण तो तुमच्या बाजूचा आहे. १८ लाख साडेसहा टक्क्यांनी मुदत ठेवीत ठेवले तर वर्षाला १,१७,००० येतात आणि त्या दोन एकरांचा ठेका फक्त २४,००० येतो. निव्वळ उत्पन्नात जमीन हरते. वडिलांशी बोलताना तुम्ही हे मांडाल, आणि आकडा चुकीचा नसेल. पण तुम्ही ते पैसे ठेवीत ठेवणार नाही आहात. ते लोकांच्या उधारीत जाणार आहेत, आणि एका कोरड्या वर्षात त्यांतले किती परत येतील हे तुम्हालाही सांगता येणार नाही. रस्त्यालगतची जमीन एकदा गेली की त्या भावात पुन्हा मिळत नाही. दुसरे असे की जमीन वडिलोपार्जित असेल, तर तीत तुमच्या बहिणीचाही जन्माने समान हिस्सा आहे. २००५ च्या दुरुस्तीने तो कायद्यात आला आहे. तिची सही 'घेऊन टाकू' असे तुम्ही लिहिले आहे, ते मला रुचले नाही. सही मागण्याआधी तिचे मत मागा. आणि त्या दोन एकरांचा रस्ता हेच भांडवल असेल, तर ते न विकताही वापरता येते. दालमिलची शेड टाकायला त्याहून चांगली जागा गावात कोणती आहे?

म्हणून माझे सांगणे असे, की या हंगामात काही विकू नका आणि मोठे काही विकतही घेऊ नका. मार्चपूर्वी पीककर्जाचे काम मार्गी लावा, येत्या जूनची खरेदी रोखीने करा, आणि रोखीचा व उधारीचा भाव वेगवेगळ्या स्तंभांत लिहून ठेवा. त्या फरकाची बेरीज ही तुमची पहिली कमाई असेल. सोयाबीनचा काही भाग तारणात ठेवून पाहा. दालमिलबद्दल पत्नीला पुन्हा विचारा, आणि या वेळी तिचे पूर्ण ऐकून घ्या. कोणत्या घरांतून तूर येईल हे तुमच्यापेक्षा तिला अधिक ठाऊक असण्याची शक्यता आहे. पुढच्या पाडव्यापर्यंत या साऱ्याचा हिशेब हाती आला आणि तरीही दुकानच टाकावेसे वाटले, तर मला पुन्हा लिहा. तेव्हा आपण उधारी किती घरांपुरती ठेवायची यावर बोलू.

वडिलांना हे सगळे एका बैठकीत सांगायला जाऊ नका. तुमच्या पत्रावरून ते हिशेबाचे पक्के वाटतात. गेल्या तीन हंगामांच्या कृषी केंद्राच्या पावत्या कुठे खुंटीला अडकवलेल्या असतील, त्या काढा, आणि त्यांच्याजवळ बसून त्यांनाच बेरीज करायला सांगा.